गेकोच्या कात काढण्याच्या किटबद्दल तक्रार

इंदूर, मे 2025

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: किटमधला आर्द्रतामापक सदोष असल्याबद्दल आणि माहितीपत्रकातील धोकादायक सूचनेबद्दल

महोदय,

आपली कंपनी पुण्याची आणि पाकिटावर मराठी मजकूरही आहे, म्हणून मराठीतच लिहिते. गेकोची, म्हणजे पाळीव पालीची, अडकलेली कात काढायचे तुमचे किट मी ऑनलाइन घेतले. त्याचे पैसे तर परत हवेतच, पण त्याआधी माहितीपत्रकातली चौथी सूचना काढून टाका. "स्प्रे मारून दोन मिनिटे थांबा व अडकलेली कात चिमट्याने ओढून काढा," असे त्यात छापले आहे. सोबतचा चिमटाही टोकदार. गेकोचे बोट केवढे असते हे ही सूचना लिहिणाऱ्याने कधी पाहिले आहे का, अशी मला शंका आहे. न सुटलेली कात ओढली की खालची कोवळी कातडी सोलून निघते, नखही उपटते.

आमच्याकडे आफ्रिकन फॅट-टेल गेको आहे, मुलाने हौसेने पाळलेला. (सासरे त्याला पालच म्हणतात, पण रात्री लाइट बंद करताना त्याचे पाणी भरलेय का ते तेच बघतात.) ही जात पश्चिम आफ्रिकेतली, तिला साधारण 60 टक्के दमटपणा लागतो. मालव्यातल्या एप्रिल-मेची हवा कशी कोरडी असते ते पुण्यात बसून कळणार नाही. म्हणूनच तुमचा काट्याचा आर्द्रतामापक गेकोच्या पेटीत लावला. काटा कायम 58 वर, हिरव्या पट्ट्यात. आम्ही निश्चिंत. आणि गेकोने कात टाकली तेव्हा अंगावरची सगळी निघाली, पण मागच्या पायांच्या बोटांवर तशीच राहिली.

ही कात वाळली की आवळत जाते. दोरा करकचून बांधावा तसे बोटाभोवती कडे पडते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या पायाच्या करंगळीचे टोक काळे पडले तेव्हा आम्ही डॉक्टर गाठले. ते टोक आता वाळून गळणार, असे त्यांचे म्हणणे. फॅट-टेलची शेपूट तुटली तर पुन्हा येते, बोट येत नाही.

बाकीची बोटे कशी वाचली तेही सांगते, म्हणजे नवे पत्रक छापताना उपयोगी पडेल. झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरला, पाय भिजतील एवढेच कोमट पाणी घातले आणि गेकोला पंधरा मिनिटे त्यात ठेवले. मग ओल्या इअरबडने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलके हलके लोटत गेले. जिथे अडले तिथे थांबायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवायचे. अशी एका बोटाची कात अख्खी निघाली: तांदळाच्या दाण्याहून लहान, पारदर्शक, आणि टोकाला नख बाहेर आल्याचे भोकसुद्धा दिसत होते. पेटीत ओल्या शेवाळाचा एक झाकलेला डबा ठेवायलाही डॉक्टरांनी सांगितले, तो ठेवला आहे. या सगळ्यात तुमचा स्प्रे कुठेच लागला नाही. त्याला गुलाबाचा वास आहे, घटक मात्र बाटलीवर लिहिलेले नाहीत. गेको स्वतःची कात खातो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग तिच्यावर मारलेले ते सगळे त्याच्या पोटात जाणार नाही तर कुठे?

आता मापकाकडे वळते. शंका आली म्हणून तो कूलरसमोर धरला, 58. आंघोळीनंतरच्या न्हाणीघरात नेला, 58. शेवटी मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी लगद्याएवढे ओले करायचे आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते, हा शाळकरी प्रयोग आहे. बाजारातून आणलेल्या साध्या डिजिटल मापकाने सकाळी 74 दाखवले. तुमच्याने, अर्थातच, 58. तोच डिजिटल मापक पेटीत ठेवला तेव्हा आकडा आला 27.

हे सगळे फोटोंसह कळवल्यावर तुमच्याकडून उत्तर आले: "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढील खरेदीवर 10 टक्के सूट." पुढची खरेदी कसली, या खरेदीतच एक बोट गेले.

किटची पूर्ण किंमत आणि डॉक्टरांचे बिल (प्रत सोबत जोडली आहे) मला परत मिळावे. ज्यांनी ज्यांनी हे किट घेतले, त्यांना चिमटा वापरू नका आणि मापकावर विसंबू नका, असे तुम्ही स्वतः कळवावे. त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता नाही आणि उत्पादनाचा महिना-वर्षही नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे दोन्ही छापणे बंधनकारक आहे, त्याचाही खुलासा करावा.

ऑनलाइन खरेदीच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे झाले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि पुढे इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही.

किट बांधून ठेवले आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाठवा, दुपारच्या उन्हात नको.

आपली,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर