चीजचे ताट आणि आपला उन्हाळा

महोदय,

पाहुण्यांपुढे पाव, फळे आणि चीज यांचे ताट ठेवायची पद्धत आता शहरांतल्या घरांत चांगलीच रुळली आहे. पद्धतीला हरकत नाही. हरकत आहे ती पुरवण्यांतून त्यासाठी छापल्या जाणाऱ्या सूचनांना. 'चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा' ही त्यातली ठरलेली. ज्या देशांतून ती आली तिथे खोलीत १८-२० अंश तापमान असते. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालीही ३३-३४. तासाभरात चेडरसारख्या कडक चीजला तेल सुटते आणि ब्रीसारखे मऊ चीज ताटभर पसरते.

फ्रिजमधून थेट काढलेले चीज मात्र चवीला मुके लागते, कारण गारठलेल्या स्निग्धांशातून वास सुटत नाही. म्हणून उन्हाळ्यात कडक चीज १५-२० मिनिटे, मऊ चीज १० मिनिटे आधी काढावे. डिसेंबरात पुण्या-नाशकात अर्धा-पाऊण तास चालेल. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबना हा खटाटोप नकोच, त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. पारा ३२च्या वर असेल तर मऊ चीज आणि चिरलेली फळे तासाभराहून जास्त बाहेर राहू नयेत. अर्धेच ताट मांडावे, उरलेले फ्रिजमधून भरत राहावे.

जेवणाआधीचे खाणे असेल तर आठ जणांना सगळे मिळून ४०० ग्रॅम चीज पुरते. तीन प्रकार बस्स: एक कडक, एक मध्यम (गौडा चालेल), एक मऊ. गौडाचे मेणाचे आवरण काढायचे, ब्रीची पांढरी साल खायची; पाहुणे नेमके उलटे करतात, तेव्हा मेण आधीच सोलून ठेवलेले बरे. मुंबईत पारशी टोपली पनीर मिळाले तर मऊ प्रकार म्हणून उत्तम, फक्त निवळीतून काढून १० मिनिटे जाळीवर निथळू द्यावे. विकत घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. त्यात पाम तेल दिसले तर तो चीजसारखा पदार्थ आहे, चीज नव्हे. तयार ताटे पुरवणारे काही जण हेच सर्रास खपवतात.

ताट बिघडते ते बहुधा पाण्यामुळे. द्राक्षे धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत आणि कात्रीने पाच-सहा मण्यांचे झुबके करावेत. स्ट्रॉबेरी देठासकट धुवावी. देठ आधी काढले तर आत पाणी शिरते आणि फळ पचपचीत होते. सफरचंदाच्या फोडी अर्धा लिटर पाण्यात एका लिंबाचा रस घालून त्यात पाच मिनिटे बुडवाव्यात, मग टिपून घ्याव्यात. ताजे, न शिजवलेले अननस, पपई, किवी मात्र मऊ चीजपासून लांब, वेगळ्या वाटीत. त्यांतली विकरे दुधातली प्रथिने तोडतात आणि चीज कडू लागते. दोष मग बिचाऱ्या दुकानदाराला मिळतो.

पावात गोडसर मिल्क ब्रेड नको. इराणी बेकरीचा ब्रुन किंवा गोव्याची पोई घ्यावी, सेंटिमीटरभर जाडीचे काप करून १५० अंशांवर सात-आठ मिनिटे भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. गरम असताना झाकण लावले की वाफेने ते चामट होतात. पावसाळ्यात बिस्किटे ताटात पडल्या पडल्या सर्दावतात. त्यापेक्षा सोलापूरची कडक भाकरी मोडून ठेवावी. चेडरबरोबर तिची खमंग चव क्रॅकरपेक्षा सरस लागते, हे आमचे ठाम मत.

ताट म्हणून लाकडी पाट वापरत असाल तर कांदा-लसूण चिरायचा नको. चीज तो वास लगेच धरते. प्रत्येक चीजला स्वतंत्र सुरी ठेवावी. आधी चीज, मग मधाच्या किंवा मोरांब्याच्या वाट्या, मग फळे मांडावीत आणि पाव शेवटी, शक्यतो वेगळ्या टोपलीत.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेजानो या कडक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, असते. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे, आणि सुटे घेतले असेल तर दुकानदाराला रेनेट कोणते ते विचारावे.

– एक केटरिंग व्यावसायिक, पुणे