सूचना : रविवारी खतपेटी ठोकायची आहे, लाकूड बघून आणा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मागच्या अंगणात, शेवग्याखाली जमायचे आहे. जुन्या लाकडाची खतपेटी, म्हणजे ओला कचरा आणि पाला कुजवून खत करायची पेटी, करू. माप ३ फूट लांब, ३ रुंद, ३ उंच. याहून लहान केली तर आतला ढीग कुजताना नीट तापत नाही.

लाकूड आणताना मात्र डोळे उघडे ठेवा. मालाच्या पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते फुकट मिळाले तरी नको. जुना रंग लागलेल्या फळ्या आणि प्लायवूडही नको. रंगात शिसे असू शकते आणि हेच खत आपल्या मेथीला जाणार आहे. (गेल्या खेपेला कुणीतरी कपाटाचे दारच आणले होते!)

फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवू, तळ मातीवर उघडाच. पुढच्या फळ्या खाचेत सरकत्या बसवू, म्हणजे खत काढताना फावडे आत जाईल.

हातोडी, करवत, पक्कड ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी. वाळका पाला जाळू नका, पोत्यात भरून ठेवा. खतपेटीत तो ओल्या कचऱ्याच्या दुप्पट लागतो.