प्रवरेच्या उगमाकडून

कल्याण,
23 ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री फोनवर मी ‘सुखरूप पोहोचलो’ एवढेच सांगितले आणि मुले पेंगुळली आहेत म्हणून फोन ठेवला. भंडारदऱ्याला निघण्यापूर्वी आईने तीनतीनदा बजावले होते, की एवढ्या लहान मुलांना घेऊन पाण्याच्या काठी तंबूत राहायला जाऊ नका. म्हणून तिथे काय घडले ते तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले. बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि यातली एक गोष्ट तर मुख्यतः त्यांनाच सांगायची आहे.

शनिवारी पहाटे निघून कसारा घाट चढलो, इगतपुरीला मुलांना दूध पाजले आणि घोटीहून आत वळलो. बारी गावाजवळ गाडी थांबवून चिऊला कळसूबाईचे शिखर दाखवले. 1646 मीटर म्हणजे किती, हे तिला कळेना, तेव्हा आपल्या घराच्या गच्चीवर गच्च्या रचत गेलो तर किती लागतील याचा हिशेब ती शेंडी गाव येईपर्यंत करत बसली होती. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडून कापणीला आला होता. बेलापूरच्या उसाच्या फडांमधून वाढलेल्या मला आपल्याच नगर जिल्ह्याचा हा भाग दर वेळी परका आणि तरीही नात्यातला वाटतो.

धरण तुडुंब होते. बाबा, ‘11,039 दशलक्ष घनफूट’ हा आकडा तुमच्या तोंडून मी पाढ्यासारखा ऐकत आले, पण मुलांचा हात धरून त्या पाण्यासमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदाच तो मला डोळ्यांनी दिसल्यासारखा झाला. 1910 साली काम सुरू होऊन 1926 साली पूर्ण झालेली ती दगडी भिंत मी चिऊला दाखवली आणि सांगितले, की आजोबा नोकरीत असताना ज्या पाण्याची पाळी सांभाळत होते, ते पाणी इथे साठते, नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डाव्या कालव्याने आपल्या शिवारात येते. अंब्रेला धबधबा पाहायला मुले फार उत्सुक होती, पण त्या दिवशी धरणातून तिकडे सोडायचे पाणी बंद होते आणि समोर नुसता ओला, काळा, गोल खडक दिसत होता. बाळूने विचारले, ‘धबधबा कोणी बंद केला?’ मी म्हटले, आजोबांसारख्याच कोणीतरी. ते उत्तर त्याला पटले आणि पुढचे दोन दिवस, दिसेल त्या ओढ्याला ‘हा कोण सोडतो?’ असे तो विचारत होता.

रंधा धबधब्यावर आम्ही पंधरा मिनिटांहून जास्त थांबलो नाही. कठड्याच्या आतूनच पाहिले, घोरपडादेवीला नमस्कार केला आणि परतलो. कठडा ओलांडून पुढच्या खडकावर फोटो काढणारी चार-पाच तरुण मुले तिथे होती. त्यांना यांनी हात जोडून मागे बोलावले, त्यातले दोघे आले, बाकीचे आले नाहीत. ते पाहून माझ्या पोटात जे कालवले ते अजून गेलेले नाही. त्या दरीत वरून सोडलेले पाणी येते, आज आहे तेवढेच घटकाभराने असेल असे नाही, हे त्यांच्या घरी त्यांना कोणी सांगितलेच नसेल.

आता तंबूंविषयी, कारण आईची खरी काळजी तीच होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तंबू जलाशयाच्या अगदी काठाला, पाण्यापासून दहा-बारा पावलांवर लावलेले होते. पाहायला फार सुरेख दिसत होते, पण काठ उतरता होता, माती ओली होती आणि पुढे पाणी एकदम खोल होत गेलेले होते. मी तंबू वर हलवायला सांगितले. तिथल्या माणसाला ते आवडले नाही; ‘ताई, सगळ्यांना पाण्याजवळचीच जागा हवी असते’ असे तो म्हणाला. पण मी हटले नाही आणि शेवटी आमचा तंबू वरच्या बाजूला जांभळाच्या झाडापलीकडे मोकळ्या सपाट जागेत लावला गेला. रात्री लहान मूल झोपेत उठून बाहेर पडले तर काय, हा प्रश्न उरलाच होता. आई, पोळ्याच्या बाजारातून तू बाळूला आणलेले घुंगरू मी बरोबर नेले होते. ते तंबूच्या चेनला दोऱ्याने बांधले. चेन बोटभर सरकली तरी ते वाजत होते. रात्रीतून ते दोनदा वाजले. एकदा हे बाहेर गेले तेव्हा, आणि एकदा नुसत्या वाऱ्याने. दोन्ही वेळा मी उठून बसले आणि दोन्ही मुलांच्या अंगावरून हात फिरवून पाहिला.

जेवण जवळच्याच पाड्यावरच्या एका बाईंनी चुलीवर केले होते. नाचणीची भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. बाळूने पिठल्याकडे पाहून मान फिरवली, तेव्हा त्या बाईंनी न सांगता भाकरी कुस्करून त्यात गूळ आणि तूप घातले आणि तो सगळी खाऊन मोकळा झाला. कोजागरी होऊन चारच दिवस झालेले असल्याने चंद्र उशिरा उगवला, पण उगवल्यावर सगळे पाणी उजळून निघाले. थंडी चांगलीच होती. पहाटे तंबूचे कापड आतूनही ओले झाले होते आणि चिऊने त्यावर बोटाने स्वतःचे नाव लिहून ठेवले.

रविवारी आम्ही रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळात खूप वेळ बसलो. बाहेरच्या भिंतीवरचे कोरीव काम मुलांना हात लावून पाहायचे होते आणि पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्ती मोजायच्या होत्या. त्यानंतर जवळच्या एका ओढ्यावर गेलो. रतनगडाकडून उतरणारे हे ओढे म्हणजे प्रवरेचे बालपण, असे मी मुलांना सांगितले. पाणी बाळूच्या घोट्यापर्यंतच होते आणि तळाचे खडे मोजता यावेत इतके नितळ होते. तरीही मी आधी काठी घेऊन सगळा भाग चाचपून पाहिला, कारण निघोजला कुकडीच्या पात्रात तुम्ही आम्हाला रांजणखळगे दाखवले होते ते माझ्या लक्षात होते. इथेही एका खडकाच्या कडेला असाच एक खळगा निघाला. वरून वीतभर वाटणाऱ्या पाण्यात माझी कमरेएवढी काठी पूर्ण गेली. त्या बाजूला मी ओढणी बांधून ठेवली आणि मुलांना तिच्या अलीकडेच खेळू दिले.

बाबा, यापुढचे तुमच्यासाठी.

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास गडाच्या पलीकडे एकदा गडगडले. कोणी फारसे लक्ष दिले नाही, मीही दिले नाही. मुले दगडांचा बांध घालत होती. थोड्या वेळाने मी पाहिले, की बांधाला एक सुकलेली काटकी येऊन अडकली आहे, मग तिच्यामागे दोन-चार पाने आली, आणि मघाशी दिसत असलेले तळाचे खडे धूसर झाले आहेत. पाणी वाढलेले अजिबात नव्हते. फक्त चहात दुधाचा थेंब पडावा तसा रंग फिरला होता. त्या क्षणी मला बेलापूरची चारी, शेताकडे पाणी नेणारा तो छोटा पाट, दिसली. आवर्तनाचे, म्हणजे कालव्याला सोडलेल्या पाळीचे, पहिले पाणी आपल्यापुढे सगळा पालापाचोळा ढकलत आणते, हे दाखवायला तुम्ही मला पाचवीत असताना सायकलवरून नेले होते आणि सांगितले होते, की पाणी गढूळ झाले आणि कचरा वाहू लागला, की विचार करत बसायचे नाही, वर यायचे.

मी विचार केला नाही. बाळूला उचलले, चिऊचा दंड धरला आणि काठ चढून वर आले. हे पिशवी घेऊन मागोमाग आले. तेवढ्यात बाळू रडू लागला, कारण त्याची एक निळी चप्पल मधल्या खडकावर राहिली होती. खडक पाच पावलांवर होता आणि पाणी अजूनही घोट्याएवढेच होते. हे उतरायला निघाले. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि नाही म्हणाले. यांना ते क्षणभर अति वाटले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्यानंतर दहा मिनिटेसुद्धा झाली नसतील, मुलांचा बांध गेला, ओढणी बांधलेला खडक दिसेनासा झाला, आणि ती चप्पल एकदा गोल फिरून निघून गेली. पाणी तांबूस झाले होते आणि त्याचा आवाज इतका वाढला होता, की आम्हाला एकमेकांशी मोठ्याने बोलावे लागत होते. आमच्या अंगावर मात्र पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

आई, हे वाचून तू म्हणशील, की म्हणूनच नको म्हणत होते. तुझे म्हणणे मी मनापासून ऐकते, आणि पावसाळ्यात मी मुलांना त्या बाजूला कधीही नेणार नाही, हे तुला वचन देते. पुढच्या वेळी डोंगरावर ढग दिसला तरी ओढ्यात उतरणार नाही. गडगडल्यावर मी लगेच उठायला हवे होते, ही माझी चूकच झाली. पण मुले दहा वर्षांची होईपर्यंत पाण्यापासून लांबच ठेवावी, हे मला पटत नाही. मी पाचवीत होते तेव्हा बाबांनी मला चारीवर नेले नसते, तर रविवारी ती काटकी मला दिसली असती, पण कळली नसती. पाणी काय असते हे मुलांनी आमचा हात धरलेला असताना शिकावे, एवढेच मला वाटते.

बाळूला चपलेचे दुःख अजून आहे. ती आजोबांच्या पाटात येईल का, असे तो रोज विचारतो आणि मध्ये दोन धरणे आहेत, भंडारदरा आणि निळवंडे, हे चिऊ त्याला दर वेळी समजावून सांगते. तिने स्वतः मात्र वेगळाच हट्ट धरला आहे. पाणी सोडतात तेव्हा चारीवर उभे राहून पुढून येणारा कचरा तिला पाहायचा आहे, आणि तो तुमच्याबरोबरच पाहायचा आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही येत आहोत आणि भाऊबीज करूनच परतू. त्या दिवसांत आवर्तन आहे का, ते तुमच्या ओळखीच्या पाटकऱ्यांकडे चौकशी करून ठेवावे. बाबा, तुमच्या गुडघ्याला सायकल झेपणार नाही, आपण गाडीने जाऊ. आणि आई, तूही चल. घुंगरू मी परत घेऊन येत आहे.

तुमची,
ताई