बाबा, सह्या करून ठेवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचा विषय फोनवर निघाला की भांडण होतं, नाहीतर बाबांची रेंज जाते. म्हणून पत्र.

बाबा, तुमचा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे. "धरण आपल्या गावावर बांधलं, मग मोटार लावायला रात्री दोनला मी का उठायचं?" नीटच सांगते.

कोयना धरणाचे सगळे वीजनिर्मिती संच मिळून १९६० मेगावॅट होतात. पण ते चोवीस तास चालवायचे नसतात, कारण पाणी मोजून दिलेलं आहे. वीज करून कोकणात सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), हे कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवलेलं. त्याचा हिशोब १ जूनपासून सुरू होतो आणि एप्रिल-मे उजाडला की किती उरलं याच्यावर सगळ्यांचे डोळे. म्हणून ते पाणी नडीला वापरायचं. आमची, म्हणजे वीज नियंत्रण कक्षातल्यांची, नड म्हणजे संध्याकाळ. सूर्य कलला की सौर वीज उतरणीला लागते, त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. माझ्यासमोरच्या पडद्यावर राज्य ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय हे लाल आकड्यात दिसायला लागतं. कोळशाचा संच बंद असेल तर तो वर यायला तास लागतात. कोयनेला मात्र फोन करायचा, "एक मशीन घ्या." काही मिनिटांत चौथ्या टप्प्यातला २५० मेगावॅटचा संच लाईनवर येतो आणि लाल आकडा खाली सरकतो. एवढ्या पटकन एवढी वीज देणारं राज्यात दुसरं फारसं काही नाही. मुंबई-पुण्यात कुणाच्या लक्षातही येत नाही की आत्ता काही घडून गेलं.

आणि तुमची रात्र? शेतीपंपांचा लोड मागणी कमी असेल त्या वेळेवर ढकलता येतो, लिफ्टचा आणि लोकलचा ढकलता येत नाही. हे झालं तांत्रिक उत्तर. माझं उत्तर विचाराल तर, जिथून ओरड कमी येते तिथे रात्र जाते. तुमचा फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, सौर योजनेत गेला की दिवसा मिळेल, त्याचा पाठपुरावा सरपंचांमार्फत करा.

त्या पाण्याचा पुढचा प्रवासही ऐका. शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, बोगद्यांनी सह्याद्री ओलांडून ते पोफळीला उतरतं, कोळकेवाडीला अडवून पुन्हा त्याची वीज करतात आणि मग वाशिष्ठीतून समुद्राला. पूर्वेला सोडतात ते कराडला कृष्णेत. त्याच्या खालच्या अंगाला टेंभू उपसा योजनेचे पंप कृष्णेचं पाणी उचलतात, आणि उन्हाळ्यात कृष्णेत जे असतं त्यातलं बरंचसं कोयनेतून सोडलेलंच असतं. पहिलं आवर्तन आलं तेव्हा तुम्ही पाटाशी दिवसभर बसून होतात, आई सांगत होती. तुमचीच नदी, धरणापायी उठून वसलात त्या माळावर आली, तीही वीज खाऊन, पंपांनी चढून. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

मात्र जलाशयाकाठच्या आत्याच्या गावाला यातलं काही नाही. पाणी त्यांच्या दाराशी आहे, रस्ता पाण्याखाली. दवाखाना, बाजार, सगळं तापोळ्याच्या लाँचवर, गाडी न्यायची तर तराफा. पावसात लाईट गेली की चार-चार दिवस येत नाही. गेल्या खेपेला तिने मला विचारलं, "तू विजेत आहेस ना गं?" काय बोलणार.

आई, तुझं तर निराळंच. तुझ्या माहेरची जमीन बुडाली नाही, म्हणून तुम्ही धरणग्रस्त नव्हतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे घराची भिंत आत आली, तेव्हा कुठल्या यादीत बसत होतात? पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्या भूकंपात, धरणाला भेगा पडल्या. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो याचा दाखला म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. धरण पुढे मजबूत केलं. तू मात्र अजून भांडं पडलं तरी आधी दाराकडे बघतेस.

आता मुद्द्याचं. संकलन यादीत, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी यादीत, आजोबांचं नाव आहे, मी बघून आले. पण आडनाव नाही, नुसतं नाव आणि पुढे 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा, करून पणजोबांचं. ते आणि आपण एकच हे सिद्ध करायला वंशावळ आणि तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्या कचेरीतल्या बाबूने मला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा "मूळ मालक कुठे आहेत?" म्हणाला. मी म्हटलं, वर. त्याने वरच्या मजल्याकडे बघितलं.

तुम्ही म्हणता, देशासाठी दिलं, आता कशाला मागायचं. बाबा, तुम्ही उठलात तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ साली आला. आजोबा भांडणार तरी कशाच्या जोरावर होते? रोज संध्याकाळी ते धरण काय देतं हे मी डोळ्यांनी बघते. त्याच्या पाण्याचा हिशोब दशांश चिन्हापर्यंत ठेवणाऱ्यांना माणसांची यादी अजून पुरी करता आलेली नाही. मग मागायची लाज आपल्याला का? जमीन मिळेल असं मी म्हणत नाही, त्याची मला फारशी आशाही नाही. पण प्रकल्पग्रस्ताचा दाखला निघाला तर दादाच्या मुलाला सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षणातून अर्ज करता येईल. तो दाखला कुणाच्या नावे घ्यायचा यावर काकांशी आधी बोला, मागाहून कटकट नको.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत जोडलाय. तहसीलदार किंवा नोटरीसमोर सही करायची जागा पेन्सिलने दाखवली आहे. जुना सातबारा आणि मोबदल्याची पावती आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. किल्ली हरवली म्हणू नका, ती आईच्या मसाल्याच्या डब्याखाली असते.

नाइट शिफ्ट संपली की शनिवारी येते.

तुमची,
धाकटी