हौशी शर्यतीचे कारण देऊन माउंटन बाइकची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

पुणे
दि. 9 डिसेंबर 2024

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : फ्रेमला तडा गेलेल्या माउंटन बाइकचा वॉरंटी दावा ‘स्पर्धेतील वापर’ या कारणाने फेटाळल्याबाबत.

संदर्भ : आपल्या वॉरंटी विभागाचे दि. 26 नोव्हेंबर 2024 चे ई-मेल उत्तर.

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या कंपनीची 29 इंची चाकांची, ॲल्युमिनियम फ्रेमची माउंटन बाइक मी सप्टेंबर 2023 मध्ये पुण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून 68,500 रुपयांना विकत घेतली. या सायकलीची डाउन ट्यूब (हँडलकडून पेडलांकडे तिरकी उतरणारी नळी) जिथे हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला) जोडली आहे, तिथे वेल्डिंगलगत खालच्या बाजूने तडा गेला आहे. मूळ खरेदीदाराला फ्रेमवर पाच वर्षांची वॉरंटी आहे आणि खरेदीला अजून दीड वर्षही झालेले नाही. असे असताना आपल्या वॉरंटी विभागाने, फ्रेम प्रत्यक्ष न पाहता, ‘सायकल स्पर्धेत वापरलेली असल्याने वॉरंटी लागू होत नाही’ एवढ्या एका वाक्यात माझा दावा निकालात काढला. हा निर्णय मला मान्य नाही.

ज्या स्पर्धेचा आपण आधार घेतला आहे, तिचे स्वरूप आधी सांगतो. आम्ही चार मित्र आहोत, चौघेही नोकरदार आणि चाळिशीच्या आसपासचे. एरवी पाषाण-बावधनच्या टेकड्यांवर आणि सवड मिळाली की मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला आम्ही सायकली चालवतो, आणि पावसाळा सरल्यावर आसपास ज्या हौशी शर्यती होतात त्यांत चौघे मिळून नाव देतो. या शर्यतींत बक्षिसाची रक्कम नसते. प्रवेश शुल्क भरायचे, सकाळी हेल्मेट आणि ब्रेक तपासून घ्यायचे, हँडलला नंबर बांधायचा आणि आखून दिलेल्या मार्गाच्या फेऱ्या पुऱ्या करायच्या, एवढेच. सांघिक गटात चौघांपैकी पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज धरतात, त्यामुळे चौथा मागे राहिला तरी संघाचे काही बिघडत नाही, आणि तो चौथा बहुधा मीच असतो. यंदा नोव्हेंबरमध्ये मुळशी भागात झालेल्या शर्यतीचा मार्ग म्हणजे बैलगाडीची जुनी चाकोरी, भातखाचरे संपल्यावर लागणारा मुरमाड चढ आणि शेवटी ओढ्याकडे उतरणारी, सुट्या दगडमातीच्या घसाऱ्याची पायवाट. त्या घसाऱ्यावर हौशी गटातले निम्मे लोक सायकल हातात धरून चालत उतरतात आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. उड्या मारण्यासाठी बांधलेला एकही उंचवटा त्या मार्गावर नव्हता. माझी सायकल कुठे पडली नाही की कशावर आदळली नाही. रिमला पोचा नाही, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभंगलेला भाग) सरळ आहे, हँडलच्या टोकांवर साधा ओरखडा नाही. समोरून जोराची धडक बसली असती तर पुढचे चाक किंवा फोर्क शाबूत राहिला नसता, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको.

शिवाय या दोषाची चाहूल शर्यतीच्या बरीच आधी लागली होती आणि तशी नोंद आपल्याच विक्रेत्याकडे आहे. ऑगस्टमधील सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर, माझ्या सांगण्यावरून, ‘चढावर हँडलकडून करकर आवाज’ असे मेकॅनिकने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. तेव्हा हेडसेट (हेड ट्यूबमधील बेअरिंग) उघडून ग्रीस भरले गेले. काही दिवसांनी आवाज पुन्हा सुरू झाला, तर ‘आतली केबल घासत असेल, चालवा बिनधास्त’ असे सांगण्यात आले. मी तशी ती चालवत राहिलो. शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत मुरमाड चढावर तो आवाज इतका वाढला की मागून येणाऱ्या मित्राने हाक मारून मला उतरायला लावले. डाउन ट्यूबवरचा चिखल पुसल्यावर वेल्डिंगच्या कडेने, जवळजवळ अर्ध्या नळीला वळसा घालणारी, केसाएवढी काळी रेघ दिसली. हँडलवर वजन टाकले की ती रेघ किंचित उघडत होती आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली की मिटत होती. पुढे घसाऱ्याचा उतार होता. मी शर्यत तिथेच सोडली आणि सायकल ढकलत परत आणली.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे गेलो तेव्हा ‘ही फक्त रंगाला पडलेली चीर आहे’ असे ऐकून घ्यावे लागले. आमच्यातला एक मित्र भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. रंग खरवडून पाहिला तर तेच निमित्त करून दावा बाद केला जाईल, हे ओळखून त्याने रंगाला हातही लावला नाही. त्याने केबल आत जाण्याच्या भोकातून एक बारीक एलईडी दिवा डाउन ट्यूबमध्ये सोडला आणि खोलीतले दिवे घालवले. वेल्डिंगच्या कडेला उजेडाची सलग रेघ बाहेर दिसू लागली. तडा नळीच्या आरपार गेला आहे याला आणखी पुरावा लागू नये. या तपासणीची छायाचित्रे मी दाव्यासोबत पाठवली होती, परंतु आपल्या उत्तरात त्यांचा साधा उल्लेखही नाही.

आता आपण दिलेल्या कारणाकडे वळतो. सायकलीसोबत मिळालेल्या आपल्या पुस्तिकेत हे मॉडेल ‘कंडिशन 3’ या वर्गात दाखवलेले आहे आणि फ्रेमवर तसे स्टिकरही आहे. या वर्गाचा अर्थ खडबडीत पायवाटा, खाचखळगे आणि 61 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या उड्या असा होतो, आणि आपल्या पुस्तिकेत त्यापुढे ‘क्रॉस कंट्री भ्रमंती आणि शर्यत’ असा अपेक्षित वापर स्पष्ट छापलेला आहे. क्रॉस कंट्री हा माउंटन बाइकिंगचा प्रकार 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये खेळला जातो, आणि आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर याच मॉडेलवर बसलेला, हँडलला नंबर बांधलेला, चिखलाने माखलेला स्पर्धक आहे. तेच पान पाहून आम्ही चौघांनी आपल्या कंपनीच्या सायकली घेतल्या. वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत, ‘स्पर्धात्मक वापर वगळून’ हे तीन शब्द आहेत. सायकल शर्यतीसाठी म्हणून विकायची आणि शर्यतीत उतरवली म्हणून जबाबदारी झटकायची, हे दोन्ही एकाच वेळी कसे चालेल? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतील अस्वीकरण (डिस्क्लेमर) हे मुख्य दाव्याला छेद देणारे असू नये. आपली अट नेमके तेच करते.

तडा कुठे गेला आहे हेही महत्त्वाचे आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या वेल्ड करताना जोडालगतच्या धातूची ताकद उष्णतेने कमी होते आणि 6061 सारख्या मिश्रधातूत ती परत आणण्यासाठी संपूर्ण फ्रेमवर पुन्हा उष्णता-प्रक्रिया करावी लागते. ही प्रक्रिया नीट झाली नाही किंवा वेल्डिंगच्या कडेला खाच राहिली, तर तिथूनच थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने जाणारा, तडा सुरू होतो. पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमला थकव्याची अशी ठाम मर्यादा नसते की जिच्याखालचा ताण कितीही वेळा चालेल, म्हणून तर या जोडाची चाचणी सक्तीची धरली जाते. आपल्या पुस्तिकेत फ्रेम आयएसओ 4210 या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार असल्याचे म्हटले आहे. त्या मानकातील आडव्या बलाच्या चाचणीत माउंटन बाइकच्या फ्रेमने पुढच्या दिशेने 1200 न्यूटन आणि मागच्या दिशेने 600 न्यूटन इतके बल 50,000 वेळा तडा न जाता सोसायचे असते, आणि हे बल मुख्यतः याच जोडावर येते. माझे वजन, सामानासह, आपण छापलेल्या कमाल मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तेव्हा या उत्पादन-तुकडीच्या चाचणीचा अहवाल मला पाहायला मिळावा, अशी माझी मागणी आहे.

एक गोष्ट मात्र मला सर्वांत जास्त खटकली. आमच्यापैकी दुसऱ्या एका मित्राच्या याच मॉडेलच्या फ्रेमला, याच जागी, मे महिन्यात तडा गेला होता आणि आपण ती फ्रेम तीन आठवड्यांत विनातक्रार बदलून दिली. तोही आमच्याच शर्यतींत आमच्याबरोबरच धावतो. फरक इतकाच की तेव्हाच्या अर्जात ‘दोष आढळला तेव्हाचा वापर’ हा रकाना नव्हता, आणि माझ्या अर्जात तो होता व मी त्यात खरे ते लिहिले. मित्राला मिळालेल्या फ्रेमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याला न्याय मिळाला तो योग्यच झाला. पण एकाच मॉडेलच्या दोन फ्रेमी एकाच ठिकाणी तडकतात तेव्हा प्रश्न चालवणाऱ्याचा राहत नाही. दोन्ही फ्रेमींच्या बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलांचा आस बसतो त्या भागाखाली) कोरलेल्या क्रमांकांचे पहिले पाच आकडे सारखे आहेत. त्या तुकडीतल्या आणखी किती सायकली रस्त्यावर आहेत याची मला कल्पना नाही, आपल्याला ती नक्कीच असणार. डाउन ट्यूब उतारावर हेड ट्यूबपासून सुटली तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. या सायकली घेऊन टेकडीवर जाणाऱ्यांत शाळकरी मुलेही असतात, म्हणून त्या तुकडीच्या सर्व ग्राहकांना तपासणीसाठी कळवणे ही आपली जबाबदारी आहे असे मी मानतो.

माझ्या मागण्या अशा आहेत. आपण माझा दावा पुन्हा उघडावा, आपल्या तंत्रज्ञाकडून फ्रेमची माझ्यासमोर तपासणी करावी आणि निष्कर्ष लेखी द्यावा. दोष मान्य झाल्यावर नवी फ्रेम द्यावी, तसेच तिच्यावर जुने भाग बसवण्याची मजुरी कंपनीने सोसावी. येथे एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपण या मॉडेलच्या चालू आवृत्तीत मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी 135 मिलिमीटरवरून 148 मिलिमीटर केली आहे, त्यामुळे माझे मागचे चाक नव्या फ्रेममध्ये बसणार नाही. ‘फ्रेम दिली, चाक तुमचे तुम्ही घ्या’ असे उत्तर मी स्वीकारणार नाही. जुळणारी फ्रेम शिल्लक नसेल तर चाकासह फ्रेम द्यावी किंवा सायकलीची पूर्ण किंमत परत करावी. तोवर फ्रेम माझ्याकडेच राहील. ती विक्रेत्याकडे ठेवून जाण्याची सूचना मला मान्य नाही, कारण माझ्याकडे तोच एक पुरावा आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा कायद्याने दिलेली असल्याने आपले मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असणे हा त्यात अडथळा ठरणार नाही. तुकडीतील दोषाबाबत केंद्रीय प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करण्याचा हक्कही मी राखून ठेवत आहे. आमच्या चौघांची पुढची शर्यत फेब्रुवारीत आहे, त्याआधी हा विषय मार्गी लागावा.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)
नाव, पत्ता व दूरध्वनी पावतीवर नोंदवल्याप्रमाणे

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू, ऑगस्टमधील जॉबकार्ड, फ्रेम क्रमांकाचे व तड्याचे छायाचित्र, माहितीपत्रकाचे पहिले पान यांच्या प्रती.