सिनेमाच्या पानावरचे अललडुर्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शुक्रवारच्या मनोरंजन पुरवणीत ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ या मार्व्हल स्टुडिओच्या हॉलिवूडपटाचे पोस्टर तीन कॉलमांत छापून आले. खाली ओळ होती, ‘१ मे रोजी प्रदर्शित’. पोस्टर बनावट होते आणि तारीख शिळी. १ मे २०२६ ही तारीख स्टुडिओने मे २०२५ मध्येच सोडली आणि १८ डिसेंबर २०२६ धरली. त्याच दिवशी पुढचा ‘सीक्रेट वॉर्स’ही ७ मे २०२७ वरून १७ डिसेंबर २०२७ वर गेला. पुरवणीचे पान लावताना दहा मिनिटे दिली असती तर दोन्ही चुका टळल्या असत्या. ती दहा मिनिटे कुठे घालवायची, एवढ्यासाठीच हे पत्र.

आधी पोस्टर. चित्रपटाच्या शेवटच्या टप्प्यातल्या पोस्टरवर तळाशी नावांची एक दाट पट्टी असते. अक्षरे उंच, चिंचोळी, एकमेकांना खेटून बसलेली; निर्माता, छायाचित्रकार, संकलक, संगीतकार अशी. आपण छापलेल्या चित्रात त्या जागी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या, पण कुठल्याच लिपीत न बसणाऱ्या रेघा होत्या. मोबाइलच्या पडद्यावर हे खपून जाते. तेच चित्र तीन कॉलमांत ताणले की उघडे पडते. त्यातल्या डूम या खलनायकाच्या उजव्या हातमोज्याला सहा बोटे होती, ती मोजायला तर चष्माही लागत नाही. एक खुलासा मात्र करायला हवा. सुरुवातीच्या टीझर पोस्टरवर ही पट्टी बहुधा नसतेच. नाव, तारीख आणि स्टुडिओचे चिन्ह एवढेच असते. म्हणून पट्टी नाही म्हणजे पोस्टर खोटे, असा अर्थ काढू नये. पट्टी आहे आणि वाचता येत नाही, तर मात्र चित्र सरळ कचऱ्याच्या टोपलीत टाकावे.

ट्रेलरचेही तसेच. ‘कॉन्सेप्ट ट्रेलर’ नावाचा एक मोठा धंदा यूट्यूबवर उभा राहिला होता. जुन्या चित्रपटांतले तुकडे आणि यंत्राने बनवलेले चेहरे जोडायचे, खऱ्या ट्रेलरच्या आधी लोकांपुढे ठेवायचे. भारतातून चालणाऱ्या ‘स्क्रीन कल्चर’ या वाहिनीने ‘फँटॅस्टिक फोर’च्या नव्या चित्रपटाचे असे तेवीस अवतार टाकले होते, आणि शोध घेतला तर त्यांतले काही खऱ्याच्याही वर दिसत. यूट्यूबने आधी तिची जाहिरातींची कमाई थांबवली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती वाहिनी, तिच्याबरोबर ‘केएच स्टुडिओ’ही, कायमची बंद केली. वाहिन्या गेल्या, पण त्यांचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरताहेत. तपासायचे कसे? ट्रेलर कोणाच्या नावावर चढला आहे ते बघावे. स्टुडिओच्या स्वतःच्या वाहिनीवर तोच ट्रेलर, तेवढ्याच लांबीचा सापडला तर खरा. चेहऱ्यापेक्षा दागिने आणि केस बघावेत. एका शॉटमध्ये डाव्या कानात असलेले डूल पुढच्या शॉटमध्ये उजव्या कानात गेले, की समजावे.

आता ‘कोण काम करणार’ या बातम्या. आपल्याकडची बहुतेक गफलत इथेच होते, कारण तीन वेगळ्या वजनाच्या गोष्टी एकाच मथळ्याखाली छापल्या जातात. पहिली, स्टुडिओने जाहीर केलेली. २६ मार्च २०२५ ला ‘डूम्सडे’च्या कलाकारांची नावे लिहिलेल्या खुर्च्या एकामागून एक दाखवण्याचा कार्यक्रम साडेपाच तास चालला आणि सत्तावीस नावे निघाली. ही पक्की. दुसरी, ‘व्हरायटी’, ‘डेडलाइन’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’ अशा धंद्याच्या पत्रांनी आपल्या सूत्रांवरून दिलेली. यांतही ‘बोलणी सुरू आहेत’ आणि ‘करार झाला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या पानावर दोन्हींचे भाषांतर ‘झळकणार’ असेच होते. तिसरी निव्वळ कुजबुज, म्हणजे कुणी चाहत्याने लिहिले आणि कुणी उचलले.

दुसऱ्या प्रकाराला कुजबूज म्हणून झटकूनही चालत नाही. पूर्वीचा कॅप्टन अमेरिका, ख्रिस इव्हान्स परततोय, हे धंद्याच्या पत्रांनी डिसेंबर २०२४ मध्येच दिले होते. मार्चमध्ये त्याच्या नावाची खुर्ची निघाली नाही तेव्हा ‘बातमी खोटी ठरली’ असे अनेकांनी छापून टाकले. डिसेंबर २०२५ मध्ये टीझर आला आणि त्यात तो होता. म्हणून मागणी एवढीच आहे, की प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘जाहीर’, ‘वृत्त’ किंवा ‘चर्चा’ यांपैकी एक शब्द छापावा. पावसाच्या बातमीत ‘अंदाज’ आणि ‘नोंद’ वेगळे छापता, तसेच हे.

तारखांबद्दल थोडे. या चित्रपटांच्या तारखा सरकतात त्यात लहरीपणा कमी आणि हिशोब जास्त असतो. व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांचे, हजारो शॉट वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांत वाटलेले असतात. पटकथेत एक प्रसंग बदलला की ते शॉट पुन्हा रांगेत लागतात. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि अभिनेत्यांचा ११८ दिवस चालला, त्याचे हादरे पुढच्या सगळ्या वेळापत्रकाला बसले. पडद्यांची भांडणे वेगळीच. १८ डिसेंबर २०२६ या तारखेवर ‘ड्यून’चा तिसरा भागही बसला आहे. सांगली-मिरजेत आयमॅक्स, म्हणजे जास्त उंच आणि मोठ्या पडद्याचे थिएटर, नाही, त्यासाठी पुणे गाठावे लागते; त्यामुळे त्या आठवड्यात आयमॅक्सचा पडदा कोणत्या चित्रपटाला मिळाला, हे तिकडच्या जाहिरातीत नीट पाहूनच गाडी काढावी. आयमॅक्ससाठी खास केलेल्या प्रसंगांत चित्र १.९० : १ या मापात दिसते, एरवीच्या रुंद पडद्यावर २.३९ : १. म्हणजे तेवढ्याच रुंदीत वर-खाली मिळून सुमारे सव्वीस टक्के जास्त चित्र. एवढ्यासाठी सव्वादोनशे किलोमीटर जायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शो साध्या पडद्यावरचा आहे का, मूळ इंग्रजी की हिंदी डब, हे पुरवणीने छापले तर निम्मे काम होईल.

देशी उदाहरणही याच जातीचे. मॅडॉक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या भूतपटांच्या आठ तारखा एकदम जाहीर केल्या, पार २०२८ पर्यंतच्या. त्या यादीत ‘शक्ती शालिनी’ ३१ डिसेंबर २०२५ ला होता. त्याच मालिकेतला ‘थामा’ येईपर्यंत तो २४ डिसेंबर २०२६ वर गेला. जुनी यादी मात्र जशीच्या तशी अजून छापली जाते. तारखेपुढे कंसात ‘अमुक महिन्यात जाहीर’ एवढे लिहिले तरी वाचक शहाणा होतो.

गल्ल्याचे आकडे हा तर स्वतंत्र तमाशा. इंग्रजी आकडे मराठीत आणताना मिलियनचे लाख होतात आणि बिलियनचे कोटी. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. हे एका कागदावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवावे. ‘डूम्सडे’च्या आधीच्या ‘एंडगेम’ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले, रुपये नव्हेत. आपल्याकडच्या आकड्यांत ग्रॉस, नेट आणि शेअर अशा तीन पायऱ्या असतात. प्रेक्षकाने २३६ रुपये मोजले तर ते ग्रॉस; त्यांतले ३६ रुपये जीएसटीचे, नेट २००. (शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के, त्याहून महाग तिकिटावर अठरा.) नेटमधून थिएटरवाल्याचा वाटा जातो, वितरकाकडे उरतो तो शेअर. मल्टिप्लेक्सच्या २००९ च्या वाटणीनुसार वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात ११८ कोटींचे ग्रॉस झाले तरी या हिशोबाने वितरकाच्या हातात ५० कोटींच्या आसपास उरतात, आणि खर्च त्यातून वळता व्हायचा असतो. ‘८० कोटींच्या चित्रपटाने ११८ कोटी कमावून निर्माते मालामाल’ हा मथळा म्हणूनच चुकीचा.

प्रमाणपत्राची माहिती आपण कधीच पूर्ण छापत नाही. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन भाग झाले आहेत : ७+, १३+ आणि १६+. हे आईवडिलांसाठी मार्गदर्शन आहे, दारावर अडवतात ते फक्त प्रौढांसाठीच्या ‘ए’ला. तरीही ‘यूए’ एवढेच छापल्याने नातवंडांना घेऊन गेलेल्या आजोबांची भूतपटात पंचाईत होते. ज्या ठिकाणी सेन्सॉर मंडळ वयाचा आकडा देते, तिथेच चित्रपटाची लांबी मिनिटांत असते. तीही छापावी, शेवटची एसटी धरणाऱ्याला ती ट्रेलरपेक्षा उपयोगी.

कॉमिक्सच्या सदरातली एक चूक दुरुस्त केलीच पाहिजे. ‘वेताळ हा बॅटमॅनचा देशी अवतार’ असे छापले गेले. ली फॉक यांचा फँटम, म्हणजेच आपला वेताळ, १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात सुरू झाला. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा या दोन्ही गोष्टी वेताळाकडे त्या दोघांच्या आधी होत्या. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून तो १९६४ पासून येऊ लागला. देशी म्हणायचेच तर त्याच इंद्रजालमधला, आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये आणलेला बहादूर : भगवा कुर्ता, जीन्स आणि चंबळचे डाकू.

तसेच ‘मुंज्या’ला ‘लहान मुलाचे भूत’ म्हणून मोकळे होऊ नये. मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. पिंपळावर राहतो तो. आदित्य सरपोतदारांच्या त्या चित्रपटाची (जून २०२४) सगळी गोम, त्याची लग्नाची हाव, या एका तपशिलात आहे. हडळ, अलवंतीण, झोटिंग, गिऱ्हा असे शब्दांचे भांडार घरात असताना सगळ्यांना ‘आत्मा’ म्हणणे हे हिंदी मालिकांचे वळण.

एक गोष्ट चेष्टेची नाही. ११ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी कितीतरी ठिकाणी लागली. ते हयात होते आणि त्यांच्या पत्नी हेमामालिनी यांना माध्यमांना जाहीरपणे खडसवावे लागले. ते गेले २४ नोव्हेंबरला. निधनाच्या बातमीत कुटुंबाचे किंवा रुग्णालयाचे निवेदन कुणी, किती वाजता दिले ही ओळ असल्याशिवाय ती पानावर घेऊ नये. दुसऱ्या माध्यमाचा हवाला हे निवेदन नव्हे.

अद्भुताचे वेड सांगलीला नवे नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ उभे केले आणि त्या नाटकांतले तोंड रंगवलेले राक्षस ‘अललल डुर्र’ करत तलवारी परजत आले की लहान पोरे आईच्या पदरात शिरत. पण तो राक्षस आत जाऊन रंग पुसत असे, आणि उद्या कोणता खेळ हे सूत्रधाराला ठाऊक असे. पुढच्या शुक्रवारी निदान ते १ मे तरी दुरुस्त करून, तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावे.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली