रेंजवर भेटलेल्या आर्मररकाकांचे मनापासून आभार

वडिलांची इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. घडण जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलचीच. पावसाळ्यानंतर तिचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका, पार विस्कटला. पहिली गोळी बरोबर बसायची, नळी तापली की पुढच्या भरकटायच्या. जिथे दाखवली तिथे ‘नळी गेली’ एवढंच ऐकलं.

मग नाशिकच्या रेंजवर देवळाली कॅम्पातले एक निवृत्त आर्मररकाका (लष्करात बंदुका दुरुस्त करणारे) भेटले. आधी बोल्ट उघडून चेंबर रिकामं असल्याची त्यांनी स्वतः खात्री केली. पुढचं लाकूड उतरवलं, रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या नळीमागच्या धातूच्या भागाच्या, तळाला मेणबत्तीची काजळी धरली आणि लाकूड पुन्हा बसवून काढलं. रिसीव्हर मागे दोन्ही बाजूंनी सारखा टेकायला हवा. लाकडावर काळा डाग मात्र एकाच बाजूला! दुसरीकडचं लाकूड आकसलं होतं. तिथे त्यांनी सागाची पातळ पट्टी घासून घासून बसवली. जेवणाचा डबा तसाच राहिला. लाकडावर वडिलांनी कोरलेली आद्याक्षरं आहेत. त्यांना कानस लागू नये म्हणून काकांनी त्यावर स्वतःचा रुमाल गुंडाळला होता. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनीच पाहिलं.

गोळ्या पुन्हा एका जागी लागतात. काकांनी पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. काका, हे वाचलंत तर नक्की कळवा. आईला तुम्हाला घरी जेवायला बोलवायचंय.